पिल्लूं घेण्यापूर्वीं त्याचें घर पाहा

आमच्या वऱ्हाडांतला शेतकरी बाजारांत गोऱ्हा घ्यावयास गेला कीं त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो. आणि तो कोणाच्या गोठ्यांतला हें विचारल्यावांचून पैशाला हात लावीत नाहीं. परंतु त्याच घरांतलीं शहरांत राहणारीं माणसें गोल्डन रिट्रीव्हर जातीचें पिल्लूं मात्र मोबाइलवरील छायाचित्र पाहून मागवितात. अकोल्यास जठारपेठेंत माझ्या घरीं असेंच घडलें.

नातीच्या हट्टास्तव आम्हीं एका विक्रेत्याकडून पिल्लूं आणविलें. त्यानें तें बसथांब्यावर टोपलींतून आणून दिलें. आईविषयीं त्यानें कांहीं सांगितलें नाहीं व मींहि विचारलें नाहीं. वय दोन महिने सांगितलें होतें. पशुवैद्यांनीं दांत पाहून तें पांच-सहा आठवड्यांचें ठरविलें. तिसऱ्या दिवशीं ओकाऱ्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि आठव्या दिवशीं पिल्लूं गेलें. तो पार्व्हो नांवाचा रोग होता. त्याचा विषाणु शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. म्हणजे पिल्लानें रोग सोबतच आणला असावा. विक्रेत्याचा दोष होताच. परंतु जन्मभर मुलांना प्रश्न विचारणाऱ्या मास्तरानें येथें एकहि प्रश्न विचारूं नये, हा दोष माझा.

तर विचारावें काय? प्रथम आई दाखवा म्हणावें. खाण तशी माती, ही म्हण कुत्र्यालाहि लागू आहे. आई माणसाळलेली, अंगानें भरलेली व निर्भय असावी. राहण्याची जागा स्वच्छ असावी. आई दाखविण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारांतून परत फिरावें.

दुसरें, वंशाची नोंद मागावी. ही जातच मुळीं नोंदवहींतून उभी राहिली आहे. सन १८६८ मध्यें स्कॉटलंडांत, पुढें लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या गृहस्थांनीं नूस नांवाच्या पिवळ्या रिट्रीव्हरापासून बेल नांवाच्या स्पॅनिएल कुत्रीला चार पिवळीं पिलें मिळविलीं आणि पुढील विणी वर्षानुवर्षें लिहून ठेविल्या. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडिया वंशाचें नोंदपत्र देतो. मात्र तें कुळ सांगतें, प्रकृति सांगत नाहीं.

म्हणून तिसरा प्रश्न प्रकृतीचा. या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो. हाडाचा गोळा खोबणींत नीट बसत नाहीं व पुढें कुत्रें लंगडूं लागतें. दोन महिन्यांच्या पिल्लांत हा दोष सहसा दिसत नाहीं. यास्तव आईबापांच्या खुब्यांचीं व कोपरांचीं क्ष-किरण चित्रें, तसेच डोळ्यांचे व हृदयाचे तपासणी-दाखले पाहावे. असे दाखले असले म्हणजे दोष येणारच नाहीं असें नव्हे. पण धोका पुष्कळ कमी होतो.

चौथा प्रश्न कायद्याचा. सन २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांन्वयें पैदास करणाऱ्यानें राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, व आठ आठवड्यांखालील पिल्लूं विकतां येत नाहीं. यांत शहाणपण आहे. भावंडांशीं खेळतांना किती जोरानें चावूं नये, हें पिल्लूं याच काळांत शिकतें.

खरा पैदासकार उत्तरें देऊन थांबत नाहीं. तो तुम्हांलाहि प्रश्न विचारतो. पार्व्होचा विषाणु घरांत कित्येक महिने टिकतो, म्हणून आम्हीं वर्षभर थांबलों. नंतर आई पाहावयास गेलों, तेव्हां नातीनें प्रश्न वहींत लिहून नेले होते. त्या गृहस्थांनीं सारीं उत्तरें दिलीं आणि मग विचारलें, "वैशाखांत तुमच्या अकोल्याचा पारा पंचेचाळिसांवर जातो, हें दाट केसांचें जनावर दुपारीं कोठें ठेवाल? दहा-बारा वर्षें त्याचें कोण करील?" आम्हांला तेथेंच बसून विचार करावा लागला. खालच्या मजल्यावरील थंड खोली त्याला द्यावयाची, असें ठरल्यावरच त्यांनीं होकार दिला.

एक गोष्ट अखेरीस सांगतों. टोपलींतलें आजारी पिल्लूं पाहून दया येते व आपण तें विकत घेतों. परंतु आपण दिलेल्या पैशांतून तोच विक्रेता दुसरी टोपली भरतो, आणि कोठें तरी एक आई पुन्हां वितें. दया करावयाची तर ती त्या न दिसणाऱ्या आईची करावी. पिल्लूं घरीं आल्यावर पहिल्या दोन दिवसांत पशुवैद्यांस दाखवावें, लशींचा तक्ता पाळावा. अकोल्यांत तर पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्थाच आहे. पण हें सारें नंतरचें. आधीं घर पाहावें, मग पिल्लूं.