व्हॅक्युम गेजचा काटा नेमकं काय मोजतो?

मंडळी, विहिरीवरचा पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो. खरं तर पंप सक्शन पाइपमधला दाब कमी करतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली बाहेरची हवा ते पाणी पाइपातून वर ढकलते. हा दाब किती कमी झाला, हे सक्शन पाइपवरचं गोल तबकडीचं व्हॅक्युम गेज दाखवतं.

त्याच्या आत काय असतं? कोयत्यासारखी वाकवलेली, चपटी धातूची नळी. फ्रान्सच्या युजीन बुर्दाँ यांनी १८४९ साली तिचं पेटंट घेतलं. नळीचं एक टोक पाइपला जोडलेलं, दुसरं बंद आणि मोकळं. आतला दाब कमी झाला की बाहेरची हवा नळीला दाबते आणि ती आणखी थोडी वाकते. टोक जरासंच हलतं. पण दांडी आणि दातेरी चाकांमुळे काटा बराच फिरतो. ना वीज, ना सेल.

आता मुद्द्याचं. हे गेज बाहेरची हवा आणि आतली हवा यांच्यातला फरक दाखवतं. आत किती हवा उरली ते नाही. म्हणून गाव बदललं की अर्थ बदलतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिमी असतो. मलकापूर साधारण अडीचशे मीटर उंचीवर, तिथे तो ७३८ च्या आसपास. राजूर घाट चढून साडेसहाशे मीटरवरच्या बुलढाण्यात आलो, की सुमारे ७०३. काटा ७०० वर असेल, तर मलकापुरात आत अजून ३८ मिमी दाब शिल्लक असतो. बुलढाण्यात जेमतेम ३. आणि बुलढाण्यात काटा ७६० ला कधीच जाणार नाही. त्यात गेजचा दोष नाही, पंपाचाही नाही.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय? ७०३ मिमी पारा म्हणजे साडेनऊ मीटर पाणी. बुलढाण्यात कितीही भारी मोटर लावा, सक्शनने याहून वर पाणी येणार नाही. प्रत्यक्षात सहा मीटरच्या आतच राहिलेलं बरं. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंपही विहिरीत खाली उतरवावा लागतो.

एक हिशेब लक्षात ठेवू: एक मीटर पाणी म्हणजे साधारण ७४ मिमी. दोरीने मोजलं, तर पाणी पंपाखाली चार मीटरवर आहे. म्हणजे काटा ३०० च्या थोडा पुढे हवा. तो ४५० दाखवत असेल, तर फुटव्हॉल्व्हची जाळी गाळाने तुंबली असावी. उलट काटा खाली येऊन थरथरतोय आणि पाणी तुटक येतंय, तर कुठल्यातरी जोडातून पंप हवा घेतोय.

मात्र आधी गेज तपासा. पंप बंद करून ते सोडवा आणि मोकळ्या हवेत धरा. काटा शून्यावर आला, तरच पुढच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. मोटर बदलायला पैसे काढण्याआधी एवढं करून पाहूया.