कॉम्प्युटर रुसला तर...

गॅस पेटला नाही तर आपण लगेच एजन्सीला फोन करतो का? नाही. आधी रेग्युलेटरचा खटका बघतो, सिलिंडर उचलून अंदाज घेतो, बर्नरची भोकं पिनेनं साफ करतो. मिक्सर अचानक थांबला तर त्याच्या बुडाचं लाल बटण दाबतो आणि तो पुन्हा फिरायला लागतो. हे आपल्याला कुणी कोर्स काढून शिकवलेलं नाही. रोजच्या वापरानं आलेलं शहाणपण आहे ते.

पण कॉम्प्युटर सुरू झाला नाही की हे शहाणपण कुठं जातं कोण जाणे! ‘हे आले की बघतील’, ‘मुलगा सुट्टीत येईल तेव्हा करेल’ असं म्हणत आपण त्यावर कव्हर घालून मोकळ्या होतो. नाहीतर रिक्षात घालून तो थेट दुकानात नेतो आणि दुकानदार सांगेल ते बिल भरतो. मैत्रिणींनो, त्या डब्यात आपले शिवणकामाचे हिशेब असतात, मुलीचा प्रोजेक्ट असतो, लग्नाचे फोटो असतात. मग त्याच्याबद्दल एवढं परकेपण कशाला?

आपल्याकडे घरोघरी जो असतो तो बहुतेक वेळा ‘असेंबल्ड’ कॉम्प्युटर. म्हणजे मदरबोर्ड एका कंपनीचा, प्रोसेसर दुसरीचा, डबा तिसरीचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून सुटे भाग आणून जोडलेला. १९८१ साली आयबीएमनं आपला पहिला पीसी काढला, तोच मुळी बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांचा. पुढं इतर कंपन्याही तसेच भाग बनवू लागल्या, म्हणून आज आपल्याला हवे ते भाग निवडून जोडता येतात. स्वस्त पडतो, एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. एकच अडचण. अख्ख्या यंत्राची जबाबदारी घेणारी अशी एक कंपनी नसते. म्हणून असेंबल्ड कॉम्प्युटर घरात असेल तर त्याची थोडी ओळख करून घ्यायलाच हवी.

सगळ्यात आधी ‘सुरू होत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. याचे तीन प्रकार आहेत. एक, बटण दाबलं तरी काहीच नाही, ना दिवा ना पंखा. दोन, पंखे फिरतात, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी. तीन, स्क्रीनवर कंपनीचं नाव येतं आणि गाडी तिथंच अडते. तिन्हीचे उपाय वेगळे. दुकानात फोन करताना एवढं जरी नीट सांगता आलं तरी समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागतो, बरं का!

पहिला प्रकार, म्हणजे अगदीच निपचित. अशा वेळी बाहेरून आत या. भिंतीवरच्या बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून बघा, तिथं लाइट येते का. एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तो काढून वायर थेट भिंतीत लावा. यूपीएस असेल तर त्याची बॅटरी कधी बदलली होती ते आठवा. मग डब्याच्या मागं बघा. जिथं जाड वायर खुपसलेली असते तिथं बहुतेक वेळा एक छोटा खटका असतो. झाडू मारताना, फडकं फिरवताना तो बंद होतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. वायर सैल वाटली तर काढून पुन्हा घट्ट बसवा. एवढं करूनही काही नाही, तर वायर भिंतीतून काढा आणि कॉम्प्युटरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत अडकून राहिलेली वीज त्यानं निघून जाते. मग वायर लावून पुन्हा प्रयत्न करा.

तरीही तो निपचितच असेल तर संशय जातो एसएमपीएसवर. हा म्हणजे डब्यातला पंखा असलेला लोखंडी चौकोन. भिंतीतली २३० व्होल्टची वीज तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये उतरवून आतल्या भागांना वाटून देतो. आपल्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं, लाइट जाते-येते, त्याचा पहिला मार यालाच बसतो. हा बदलून मिळतो, पण तो स्वतः कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि जोराचा झटका बसू शकतो. जळका वास आला, धूर दिसला तर पुन्हा बटण दाबून बघायचं नाही, वायर काढून ठेवायची. आणि डब्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. ते कॉम्प्युटरसाठी नाही, आपल्या जिवासाठी.

आता दुसरा प्रकार. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी. कॉम्प्युटर सुरू झाला की तो आधी स्वतःचीच तपासणी करतो. शाळेत बाई हजेरी घेतात ना, तसं. प्रोसेसर हजर? रॅम हजर? चित्र दाखवणारा भाग हजर? एखाद्यानं ‘हजर’ म्हटलं नाही की पुढचा वर्ग भरतच नाही. कोण गैरहजर आहे हे काही कॉम्प्युटर शिट्ट्या वाजवून सांगतात. त्या शिट्ट्यांचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, तो मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो. नव्या मदरबोर्डांपैकी बऱ्याच जणांवर शिट्टीऐवजी चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क यांचे. जो दिवा लागून राहतो, तिथं घोडं अडलंय असं समजायचं.

इथंही आधी बाहेरचं बघा. मॉनिटरची स्वतःची वीज चालू आहे का? त्याची केबल घट्ट आहे का? आणि मुलांनी खेळांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डातच लावायची, वरच्या मदरबोर्डच्या भोकात नाही. साफसफाईनंतर ही केबल चुकीच्या जागी लागते आणि कॉम्प्युटर ‘बिघडतो’.

मग येतो आतला सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार, रॅम. वीतभरापेक्षा लहान अशी हिरवी किंवा काळी पट्टी, खालच्या बाजूला सोनेरी दात. पावसाळ्यातला ओलावा, धूळ यानं त्या दातांवर मळ बसतो, किंवा पट्टी खाचेत जराशी सैल होते. ती काढायच्या आधी तयारी करा. भिंतीतली वायर काढा. हातातल्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा, मंगळसूत्र आत घाला, केस बांधा. नायलॉनची साडी थंडीत कशी चटचट करते? तीच वीज या नाजूक भागांना मारक ठरते. म्हणून सुती कपडे घाला आणि आत हात घालण्यापूर्वी डब्याच्या उघड्या लोखंडाला बोट लावा. मग रॅमच्या टोकाचा खटका बाजूला करून पट्टी सरळ वर काढा, सोनेरी दात मुलांच्या कंपासमधल्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, चुरा झटकून टाका आणि खाच जुळवून खटका ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, खराब कोणती ते लगेच कळतं.

आमच्या भागातल्या एका महिला बचत गटाचा कॉम्प्युटर असाच बंद पडला होता. पंखे चालू, स्क्रीन काळी, आणि मधूनमधून लांब शिट्टी. चार दिवसांवर बँकेची मीटिंग. बारा जणींच्या कर्जाचा प्रस्ताव आणि दोन वर्षांचे हिशेब त्यातच अडकलेले. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, ‘मदरबोर्ड गेलाय. नवा टाकावा लागेल, आणि सगळं फॉरमॅट मारावं लागेल.’ हिशेबच पुसले जाणार म्हटल्यावर गटाच्या अध्यक्षताईंचा चेहरा उतरला. गटातल्या एकीची बारावीतली लेक मात्र म्हणाली, ‘काकू, मदरबोर्ड बदलायला फॉरमॅट कशाला लागतं? आणि शिट्टी वाजतेय म्हणजे मदरबोर्ड जिवंत आहे की!’ तिनं रॅम काढली, पुसली, बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. खर्च किती? खोडरबराचा. त्याच संध्याकाळी सगळ्या हिशेबांची पेन ड्राइव्हवर नक्कल झाली हे वेगळं सांगायला नको.

त्या मुलीचा प्रश्न आपण प्रत्येकीनं लक्षात ठेवावा असा आहे. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. काम चालू असेपर्यंत सामान तिथं, लाइट गेली की ओटा रिकामा. हार्डडिस्क किंवा एसएसडी म्हणजे फडताळ, आपलं जपून ठेवलेलं सगळं तिथं. ओटा फुटला म्हणून फडताळातली डाळ सांडत नाही! एसएमपीएस, रॅम, मदरबोर्ड यांपैकी काहीही बिघडलं तरी डिस्कमधलं सामान बहुतेक वेळा जसंच्या तसं असतं. दुसऱ्या कॉम्प्युटरला ती डिस्क जोडून ते काढून घेता येतं. एक लक्षात ठेवा, विंडोज ११ असलेल्या काही कॉम्प्युटरमध्ये डिस्कला बिटलॉकर नावाचं कुलूप आपोआप लागलेलं असतं. मदरबोर्ड बदलल्यावर ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे कॉम्प्युटर धडधाकट असतानाच बघून वहीत लिहून ठेवा.

तिसरा प्रकार, नाव येतं आणि गाडी अडते. कॉम्प्युटरला एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का बघा. कधी कधी तो त्यातूनच सुरू व्हायला बघतो आणि अडकतो. डिस्क सापडत नाही असा निरोप आला तर आत तिच्या दोन्ही वायरी नीट दाबा. चालू करताना तारीख-वेळ चुकीची दिसत असेल तर मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा सेल संपलाय. सीआर २०३२ हा त्याचा नंबर, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. आणि हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र कॉम्प्युटर ताबडतोब बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करू नका. डिस्क शेवटच्या घटका मोजत असते. सामान वाचवायचं असेल तर तो आवाज ऐकून थांबणं हाच उपाय.

हल्ली मुलं भाग मागवून घरीच कॉम्प्युटर जोडतात. पहिल्याच दिवशी तो सुरू झाला नाही तर त्यांना रागावू नका, त्यांच्याजवळ बसून चार गोष्टी विचारा. मोठी २४ पिनांची वायर लावलीस, पण प्रोसेसरजवळची छोटी चार किंवा आठ पिनांची राहिली का? मदरबोर्डखाली पितळी खुंट्या जागच्या जागीच आहेत ना, एखादी जादा खुंटी टेकून शॉर्ट तर होत नाही? पंख्याखालच्या पट्टीवरचं प्लास्टिक काढलंस ना? (ते राहिलं तर प्रोसेसर तापून कॉम्प्युटर थोड्या वेळात बंद पडतो.) आणि घेतलेल्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय आहे का? इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो त्यात ती नसते, वेगळं कार्ड लागतंच. शिवाय डीडीआर-५ रॅमचा नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. तेवढा धीर धरायचा.

हे सगळं करूनही कॉम्प्युटर हलला नाही तर खुशाल दुकानात न्या. पण रिकाम्या हाती नाही. एका कागदावर लिहून न्या, काय होतं, काय करून बघितलं. प्रत्येक भागाचं बिल आणि खोका घरी जपून ठेवा, कारण असेंबल्डमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. बदललेला जुना भाग परत मागा, पक्कं बिल घ्या. ‘फॉरमॅट’ हा शब्द आला की आधी विचारा, ‘माझ्या फायलींची नक्कल कुठं काढून देणार?’ आणि बिघाड डिस्कमध्ये नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा. त्यात आपले, आपल्या मुलींचे फोटो असतात, बँकेची कागदपत्रं असतात. चांगला मेकॅनिक याचा राग मानत नाही.

मैत्रिणींनो, कॉम्प्युटर वापरायला आपल्यापैकी कितीतरी जणी शिकल्या. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली, तेव्हापासून गावोगावच्या गृहिणी माऊस धरू लागल्या. आता डब्याचे दोन स्क्रू सोडवायलाही शिकू या. या रविवारी कॉम्प्युटर चांगला चालू असतानाच तो रीतसर बंद करून, वायर काढून, त्याची बाजूची पत्र्याची फळी उघडा. रॅम कुठली, डिस्क कुठली, एसएमपीएस कुठला, एवढं नुसतं डोळ्यांनी बघून घ्या. मऊ ब्रशनं धूळ झाडा, झुरळं-मुंग्यांनी घर केलंय का बघा, आणि मोबाइलवर आतल्या वायरींचा एक फोटो काढून ठेवा. तो रुसेल त्या दिवशी हाच फोटो उपयोगी पडेल.