हुप्प्याखालची दहा माणसं

ज्यू धर्मशास्त्राच्या हिशेबानं लग्न लागायला फार थोडं लागतं. नवरा, नवरी, एक साधी अंगठी, केतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा, दोन साक्षीदार, आणि सात आशीर्वाद म्हणताना हजर असलेले दहा प्रौढ पुरुष. डोक्यावर हुप्पा, म्हणजे चार काठ्यांवर ताणलेलं कापड. सिनॅगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, असलंच पाहिजे असं नाही, उघड्या आकाशाखाली लग्न लागतं. कोरोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, केंद्र सरकारनं लग्नाला जास्तीत जास्त ५० माणसांची मुभा दिली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रानं ती आणखी आवळली: २५ माणसं, एकच हॉल, दोन तासांत सगळं आटोपायचं आणि नियम मोडला तर ५० हजार रुपये दंड. दहा पुरुष या २५ मध्येही बसत होते. तरीही कोकण, मुंबई, ठाणे, पुणे इथल्या बेने इस्रायली घरांपुढे महामारीत लग्न ठरवण्याचा जो पेच होता, तो शेजारच्या हिंदू, मुसलमान किंवा ख्रिस्ती घरांपेक्षा वेगळा होता. त्याचं कारण शास्त्रात सापडत नाही. ते या समाजाच्या आकारात आणि त्याच्या पंचांगात आहे.

बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कथेत उरलेली माणसं सात जोडप्यांएवढी आहेत. म्हणजे समाजाची सुरुवातच लग्नांपासून होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे कोकणातल्या गावोगावी त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावांवरून आडनावं पडली: केहिमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर, नवगावकर. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात या समाजाचं पहिलं सिनॅगॉग बांधलं. त्यानंतर पनवेल, अलिबाग, पेण, ठाणे, पुणे अशी प्रार्थनास्थळं उभी राहिली. ठाण्याचं शाअर हाशमाईम १८७९ चं आहे. १९४८ नंतर मोठी पांगापांग झाली. बहुतेक घरं इस्रायलला गेली, आणि आज भारतात सगळ्या पंथांचे ज्यू मिळून पाचेक हजारांच्या आसपास उरले आहेत. इस्रायलमधले भारतीय वंशाचे ज्यू याच्या कितीतरी पट आहेत. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

एवढ्या लहान समाजात लग्न हा फक्त दोन घरांचा समारंभ राहत नाही. डिमोना, अश्दोद, लोद इथून आते-मामे भावंडं त्यासाठी येतात. पेणच्या आजीला ठाण्याची नात त्याच दिवशी भेटते. पुढची दोन लग्नं याच मांडवात ठरतात. लग्न लागायला दहा माणसं पुरतात, पण समाज टिकायला चारशे-पाचशे माणसांनी एका ठिकाणी जमावं लागतं. महामारीनं दहाला हात लावला नाही, पाचशे मात्र काढून घेतले.

आता पंचांग पाहू, कारण खरी कोंडी तिथे होती. ज्यू वर्षात लग्नाला वर्ज्य असे दोन मोठे काळ आहेत. पहिला पेसाह आणि शावूओत या सणांच्या मधला. या ४९ दिवसांपैकी निदान पहिले ३३ दिवस रूढीनं लग्नं लागत नाहीत. दुसरा तम्मूझ महिन्याच्या सतराव्या दिवसापासून अव महिन्याच्या नवव्या दिवसापर्यंतचा, जेरुसलेमच्या मंदिराच्या पाडावाचा शोक. हा नववा दिवस म्हणजे बेने इस्रायलींचा बिरड्याचा सण. उपास सोडताना वालाचं बिरडं खातात. शनिवारी शब्बाथ, तेव्हाही लग्न नाही.

आता २०२० हे वर्ष या पंचांगावर ठेवून बघा. टाळेबंदी २५ मार्चला सुरू झाली. पेसाह ८ एप्रिलच्या संध्याकाळी लागला. मधले दोन आठवडे देशभर सगळंच बंद, आणि त्यानंतर १२ मेपर्यंत शास्त्रानंच बंद. मेअखेरीस ५० माणसांची मुभा असताना जी थोडी फट दिसली, ती ९ जुलैला पुन्हा मिटली आणि ३० जुलैच्या बिरड्याच्या सणानंतरच उघडली. ऑगस्टमध्ये लग्न लावता येत होतं, पण पावसात उघड्यावर हुप्पा उभा करायचा कुठे? महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं बंद होती. १८ सप्टेंबरपासून नवं वर्ष आणि पाठोपाठचे सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालले. प्रार्थनास्थळांची दारं उघडली १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी. पुढच्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली, तीही नेमकी पेसाहच्या सुमारास, आणि ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेला उघडली. त्या वर्षीचे ज्यू सण सप्टेंबरअखेरीसच संपले होते. म्हणजे सलग दोन वर्षं नवं वर्ष आणि योम किप्पूर या त्यांच्या सर्वांत पवित्र दिवसांत सिनॅगॉगला कुलूप होतं. सरकारचा त्यात काही दोष नाही, इतक्या लहान समाजाचं पंचांग कुणाच्या डोळ्यांसमोर नसतं. पण तारीख काढायला बसलेल्या आईबापांना दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून उरलेल्या फटी शोधाव्या लागत होत्या.

पेसाहनंतरच्या त्या वर्ज्य दिवसांमागे परंपरेनं एक साथच सांगितलेली आहे. रब्बी अकिवा यांचे २४ हजार शिष्य याच दिवसांत साथीनं गेले, असं तालमूद हा धर्मग्रंथ म्हणतो. त्यांचा शोक म्हणून लग्नं थांबतात आणि तेहतिसाव्या दिवशी मृत्यू थांबला म्हणून बंधन सैल होतं. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या साथीसाठी दर वर्षी लग्नं थांबवणाऱ्या लोकांना २०२० चा एप्रिल वेगळ्या अर्थानं कळला असणार.

बेने इस्रायलींच्या मुंबईतल्या आठवणीत तर याहून जवळची साथ आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला तो मांडवीतच. हा भाग आणि त्याला लागून असलेला इस्रायल मोहल्ला म्हणजे त्या वेळच्या बेने इस्रायलींचं हृदय. शहर ओस पडलं, माणसं गावाकडे पळाली. त्या प्लेगवरची लस मुंबईतच तयार करणारे वॉल्डेमार हाफकिन स्वतः ओडेसाचे ज्यू होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांचं नाव चालवते. त्याच १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं कोरोनासाठी उपसून काढला तोही हाच कायदा. आणखी एक योग असा की हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला तोही १८९७ मध्येच. पुस्तक छापून आलं मात्र १९३७ मध्ये, तेल अवीवला. समाजाच्या चालीरीतींची, सणांची, लग्नाची सविस्तर नोंद करणारा हा माणूस प्लेगच्या मुंबईत ते काम संपवत होता. काय मोडून पडेल याची खात्री नसते, तेव्हा लिहून ठेवण्याची निकड वाढते, असं मला या तारखेकडे पाहून वाटतं.

महामारीत नेमकं काय हुकलं, हे समजायला त्यांचं लग्न बघावं लागतं. आदल्या दिवशी मेंदी. हिरव्या बांगड्या, गाणी, नातेवाइकांनी भरलेलं घर. शुभकार्याला मलिदा करतात: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि संदेष्टा एलियाहू हनाबी याच्या नावानं प्रार्थना. हे ताट नंतर सगळ्यांच्या हातून फिरतं. ज्यू जगात दुसरीकडे कुठे मलिदा नाही. तो कोकणाच्या पोह्यांचा आणि नारळाचा आहे. लग्नात नवरी पांढऱ्या साडीत येते आणि ती येत असताना नवरा स्वतः ‘योनाती झीव’ हे हिब्रू गीत म्हणतो. मला हा या लग्नातला सर्वांत सुंदर क्षण वाटतो. मग वाइनचा एकच पेला दोघं पितात, अंगठी घातली जाते, केतुबा मोठ्यानं वाचला जातो, सात आशीर्वाद होतात, काचेचा पेला फुटतो. पिढ्यान्‌पिढ्या अनेक घरांत मंगळसूत्रही घातलं जात आलं आहे. दारूची दुकानं बंद होती तेव्हा पेल्याचं काय, असं कुणी विचारेल, तर बेने इस्रायली घरांत काळे मनुके भिजवून, पिळून शरबत करण्याची जुनीच रीत आहे. वाइनच्या जागी तेच चालतं. तेवढं घरच्या घरी निभत होतं.

हातबोशी मात्र निभली नाही. सिनॅगॉगमध्ये प्रार्थनेनंतर वडीलधारी व्यक्ती दोन्ही हात पुढे करते, समोरचा ते आपल्या हातांत घेतो, मग दोघंही स्वतःची बोटं ओठांना लावतात. असं एकाकडून दुसऱ्याकडे सबंध सभागृहभर जातं. स्पर्श आणि ओठ, दोन्ही त्यात आहेत. साथीनं नेमकं तेच धोक्याचं ठरवलं. ज्यांच्या हातून ही हातबोशी सुरू व्हायची, ते म्हातारे लोकच घरात कोंडले गेले. दहा पुरुषांची अट कागदावर सोपी दिसते. पण तरुण परदेशी गेलेल्या गावात हे दहा बहुतेक साठी ओलांडलेले असतात, आणि त्यांना एका खोलीत बोलावणं हा नियमापेक्षा जिवाचा प्रश्न होता.

मी सिल्वासात राहते. इथे सिनॅगॉग नाही. पण आमच्याजवळच्या वापी स्टेशनावरून जाणारी मुंबई-अहमदाबाद रेल्वे हा बेने इस्रायलींचा जुना सोयरिकीचा रस्ता आहे. अहमदाबादचं मागेन अब्राहाम सिनॅगॉग १९३४ चं. तिथले बेने इस्रायली मूळ कोकणातलेच. कांकरियाचं प्राणिसंग्रहालय उभं करणारे रुबेन डेव्हिड त्यांतलेच. वधू ठाण्याची आणि वर अहमदाबादचा असेल, तर वरात दोन राज्यांतून जाणार. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये सिल्वासाहून वापीला जायलाही हद्द ओलांडावी लागत होती, आणि हद्द ओलांडायला पास. तलासरीच्या बाजूला महाराष्ट्र, वापीच्या बाजूला गुजरात, मध्ये आमचा केंद्रशासित प्रदेश, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. इथल्या मराठी घरांनीही त्या वर्षी लग्नं पुढे ढकलली, पण त्यांना निदान भटजी आणि मांडव गावातच मिळत होता. बेने इस्रायलींमध्ये लग्न लावू शकणारे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, मोजके, आणि तेही मुंबई-ठाण्याच्या परिसरात एकवटलेले.

तारीख बदलली की केतुबाही बदलतो. त्यात वार, हिब्रू महिना, सृष्टीच्या आरंभापासूनचं वर्ष आणि गाव लिहिलेलं असतं. जुना कागद तारीख खोडून चालत नाही, नवा लिहावा लागतो. सरकारी बाजूही सोपी नव्हती. भारतात ज्यूंसाठी विवाहाचा वेगळा लिखित कायदा नाही. लग्न रिवाजानं लागतं, नाहीतर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं, ज्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. जिथे पुढच्या आठवड्यातले नियम माहीत नव्हते, तिथे महिनाभर आधीची नोटीस कोण देणार? आणि लग्नाचे कागद या समाजात फार जपले जातात, कारण पुढे इस्रायलला जायचं तर ते विचारले जातात. १९६२ मध्ये तिथल्या प्रमुख रब्बींनी बेने इस्रायलींची लग्नं लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला होता. जेरुसलेममध्ये त्याविरुद्ध धरणं झालं आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता द्यावी लागली. आपलं लग्न खरं आहे हे सिद्ध करण्यासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसांची मुलं-नातवंडं केतुबाच्या बाबतीत ढिलाई करणार नाहीत, हे उघड आहे.

व्हिडिओ कॉलवर लग्न का नाही, हा प्रश्न जगभर विचारला गेला. मार्च २०२० मध्ये इस्रायलमधल्या काही रब्बींनी पेसाहच्या रात्रीच्या जेवणाला पडद्यावरून आजी-आजोबांना जोडून घेण्याची परवानगी दिली आणि त्यावर मोठा वाद झाला. लग्नाच्या बाबतीत तेवढीही वाट नव्हती: नवरा अंगठी देत असताना साक्षीदारांनी ते प्रत्यक्ष बघितलं पाहिजे. धार्मिक विधीविना होणाऱ्या लग्नाची गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका काउंटीनं ऑनलाइन नोंदणी सुरू केली, तिचा आधार इस्रायली जोडप्यांनी घेतला आणि २०२३ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं ती लग्नं नोंदवावीत असा निकाल दिला. ज्यू इतिहासात साथीवर उपाय म्हणूनही लग्नं लागली आहेत. एकोणिसाव्या शतकात पूर्व युरोपात कॉलरा आला की अनाथ किंवा अपंग गरीब मुला-मुलीचं लग्न वस्तीच्या खर्चानं स्मशानात लावत, म्हणजे साथ थांबेल, अशी समजूत होती. मार्च २०२० मध्ये तेल अवीवजवळच्या ब्नेई ब्राकमध्ये असं एक लग्न पुन्हा लागलं. त्या गरिबांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला सोडत नाही. आपल्या कोकणातल्या समाजात मला अशी प्रथा आढळलेली नाही, याचं समाधान वाटतं.

परंपरेत कठोरपणा आहे तशी माया आहे. सगळी तयारी झाल्यावर नवऱ्याचे वडील किंवा नवरीची आई गेली, तर तालमूद सांगतो, आधी लग्न लावा, मग शोक करा, कारण ती तयारी पुन्हा करणारं माणूस आता उरलेलं नाही. लग्नाची वरात आणि प्रेतयात्रा एकाच रस्त्यावर समोरासमोर आल्या तर वाट नवरीला द्यायची. संकटाच्या काळात, एरवी बुधवारी लागणारी लग्नं मंगळवारी लावण्याची सूटही तिथेच नोंदलेली आहे. तारखा हलवणं, माणसं कमी करणं, जागा बदलणं हे या धर्मानं कधी पाप मानलं नाही.

इस्रायलमधल्या नातेवाइकांसाठी दार सर्वांत उशिरा उघडलं. १३ मार्च २०२० पासून भारताचे व्हिसा आणि परदेशस्थ भारतीयांची व्हिसामुक्त प्रवासाची सवलत थांबली, २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं. मधल्या काळात खास विमानं होती, पण लग्नासाठी घरची वीस माणसं त्यांतून आणणं शक्य नव्हतं. नेहमीची विमानसेवा सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. त्या वर्षी पेसाह १५ एप्रिलला होता. म्हणजे ज्यांनी आत्या-मामांशिवाय लग्न लावायचं नाही असं ठरवून दोन वर्षं वाट पाहिली, त्यांच्या हाती पहिल्यांदा तीन आठवड्यांहूनही कमी वेळ आला. ज्यांना तो पुरला नाही, त्यांनी जूनमधला शावूओत जाऊ दिला आणि मग तारीख धरली.