स्वस्त पिस्तुलाचें मोल

कमी किमतींत वस्तु मिळविणें हें संसारी माणसाचें शहाणपण समजलें जातें, आणि बहुतेक बाबतींत तें खरेंही असतें. जाडाभरडा पंचा अंग पुसण्याच्या कामीं तलम टॉवेलाहून कमी पडत नाहीं. परंतु कांहीं वस्तु अशा आहेत कीं, त्यांची किंमत उतरली म्हणजे नेमकें काय कमी झालें, हें पाहिल्यावांचून त्या घरांत आणूं नयेत. पिस्तूल ही त्यांतलीच एक वस्तु होय. भारतांत १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्यावांचून पिस्तूल बाळगतां येत नाहीं; त्यामुळें हा प्रश्न येथल्या घरांत सहसा उद्भवत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र तो बाजारहाटांतला प्रश्न आहे, आणि तेथें संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांपुढेंही तो केव्हां तरी उभा राहतो.

स्वस्त पिस्तूल म्हणजे मुळांतच फसवणूक, असें नाहीं. १९४२ सालीं, दुसरें महायुद्ध चालू असतां, अमेरिकेनें ‘लिबरेटर’ नांवाचें पिस्तूल बनविलें. इंडियाना संस्थानांतील अँडरसन येथें मोटारींचे दिवे करणाऱ्या कारखान्यांत पत्र्याचे भाग ठोकून अशीं सुमारें दहा लक्ष पिस्तुलें थोड्याच महिन्यांत तयार झालीं, आणि प्रत्येकास खर्च आला सुमारें दोन डॉलर. नळी आंतून गुळगुळीत. एका वेळीं एकच गोळी सुटे, आणि उडालेल्या काडतुसाचें टरफल काडीनें ढोसून बाहेर काढावें लागे. शत्रूव्याप्त मुलुखांतील बंडखोरांनीं त्याच्या साहाय्यानें एखाद्या शिपायाची चांगली बंदूक हस्तगत करावी, एवढाच हेतु. तेथें स्वस्ताई उघड होती, आणि कामही तेवढेंच होतें.

घरगुती बाजारांतील स्वस्त पिस्तुलाची कथा निराळी आहे. १९६८ सालीं अमेरिकेनें कायदा करून, शिकारीच्या किंवा खेळाच्या उपयोगाचीं नसलेलीं हलकीं पिस्तुलें परदेशांतून आणण्यास मनाई केली. परंतु तशींच पिस्तुलें देशांत बनविण्यास मनाई नव्हती. १९७० सालीं जॉर्ज जेनिंग्स यांनीं कॅलिफोर्नियांत ‘रेव्हन’ नांवाचा कारखाना काढला, आणि पुढें लॉस एंजल्सच्या आसपास त्याच धर्तीचे आणखी कारखाने निघाले. गॅरेन विंटम्यूट या डॉक्टरांनीं १९९४ सालीं त्यांवर अहवाल लिहिला व या समूहास ‘रिंग ऑफ फायर’, म्हणजे अग्निवलय, असें नांव दिलें.

या पिस्तुलांची किंमत उतरली ती प्रथम धातूमुळें. पोलादाचा ठोकळा कातून भाग घडवावयाचा म्हणजे वेळ लागतो व कुशल कारागीरही लागतो. उलट जस्ताचा मिश्रधातु सुमारें ३८० अंश सेंटिग्रेडला वितळतो. तो साच्यांत दाबून ओतला कीं भाग हातोहात तयार होतो. पण तो पोलादाइतका कणखर नसतो. लवकर झिजतो, आणि पातळ ठेवल्यास तडकण्याचें भय असतें. इलिनॉयसारख्या कांहीं संस्थानांनीं ८०० अंश फॅरनहाइटच्या आंत वितळणाऱ्या धातूच्या पिस्तुलांची विक्री कायद्यानें रोखली, ती अशाच मालाला आळा घालण्यासाठीं.

तथापि धातूंतल्या काटकसरीपेक्षां रचनेंतला दोष अधिक घातक ठरतो. १९९४ सालीं कॅलिफोर्नियांतील एका घरीं सात वर्षांचा एक मुलगा होता, आणि त्याच्याजवळ असलेला परिचित तरुण भरलेलें पिस्तूल रिकामें करूं पाहत होता. ‘ब्रायको’ कारखान्याच्या त्या पिस्तुलाची घडणच अशी होती कीं, आंतील काडतूस काढावयाचें तर सुरक्षेची कळ आधीं सोडावी लागे. म्हणजे शस्त्र निर्धोक करण्यासाठींच तें प्रथम धोक्याच्या स्थितींत न्यावयाचें! गोळी सुटली. मुलगा वांचला, पण मानेखालीं त्याचें शरीर लुळें पडलें. २००३ सालीं ज्यूरीनें कारखान्यासही जबाबदार धरून मोठी भरपाई ठरविली, तेव्हां कारखान्यानें दिवाळें काढलें. पुढील वर्षीं लिलाव झाला. कारखाना विकत घेऊन तेथलीं पिस्तुलें वितळवून टाकावीं, या हेतूनें मुलाच्या बाजूनें बोली झाली. परंतु ती थोडक्यांत हुकली, आणि सुमारें पांच लक्ष डॉलरांस तो माल कारखान्याच्याच जुन्या मुकादमाकडे गेला.

असा माल तपासावयाचा कोणीं? १९७२ सालीं अमेरिकेंत घरगुती वस्तूंच्या निर्धोकपणासाठीं एक आयोग नेमण्यांत आला. मुलांच्या खेळण्यांवर त्याची देखरेख असते. पण खरीं पिस्तुलें कायद्यानेंच त्याच्या कक्षेबाहेर ठेविलीं आहेत. म्हणून कॅलिफोर्नियानें १९९९ सालीं आपली स्वतंत्र कसोटी ठरविली: सहाशें फैरींत पिस्तूल सहापेक्षां अधिक वेळां अडतां कामा नये, आणि सुमारें एक मीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर सहा वेळां पडलें तरी गोळी सुटतां कामा नये.

यावर दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही ऐकलें पाहिजे. ज्याच्या वस्तींत चोरदरोडेखोरांचें भय अधिक, त्याच्याच खिशांत पैसा कमी असतो. स्वस्त पिस्तुलें बंद केलीं, तर स्वसंरक्षण ही केवळ सधनांची मिरास होईल, असें हे लोक म्हणतात. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. शिवाय थोड्या किमतींतही बरें पिस्तूल बनूं शकतें. ओहायोमधील ‘हाय-पॉइंट’ची पिस्तुलें जस्ताच्याच मिश्रधातूचीं, परंतु वरचा सरकता भाग मुद्दाम जाड व जड ठेवल्यामुळें तो काडतुसाचा धक्का सोसतो. रूप बेढब, वजन पुष्कळ. पण पिस्तूल कितव्याही मालकाकडे असो, तें बिघडल्यास कारखाना फुकट दुरुस्त करून देतो. येथें काटकसर झाली ती रूपांत व सोयींत.

तेव्हां प्रश्न किमतीचा नसून काटकसर कोठें झाली, याचा आहे. सुरक्षेची कळ लावलेली असतां पिस्तूल रिकामें करतां येतें काय? हातून पडलें तर तें उडणार नाहीं ना? बिघडल्यास जबाबदार धरण्यास कारखाना उद्यां जागेवर असेल काय? या तिहींचें उत्तर समाधानकारक नसेल, तर तें पिस्तूल फुकट मिळालें तरी महाग होय. आणि उत्तर समाधानकारक असलें, तरी हिशेब पुरा होत नाहीं. शेंकडों फैरींचा सराव पाहिजे, शिकविणारा पाहिजे, आणि मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी कुलुपाची भक्कम पेटी पाहिजे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा हा व्यवहार आहे; आणि येथें मसाला टाळून चालत नाहीं. ज्यास सरावाचीं काडतुसें व कुलुपाची पेटी परवडत नाहीं, त्यास स्वस्त पिस्तूलही परवडत नाहीं.