गिअर बॉक्समधले तेल किती निसरडे असावे?

ऊस गाळपाच्या हंगामात धाराशिव जिल्ह्यातल्या रस्त्यांवर भरलेल्या मालमोटारींची वर्दळ असते. तुळजापूरहून सोलापूरकडे जाताना बालाघाटाचा उतार लागतो. अशा उतारावर चालक खालचा गिअर टाकतो. मग इंजिनच वेगाला आवर घालते आणि ब्रेक फारसे तापत नाहीत. तो गिअर पडला नाही, तर सारा भार ब्रेकवर येतो. गिअर वेळेवर पडणे ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांत गिअर बॉक्समधले तेलही आहे.

दात्यांमध्ये पातळ थर राखून झीज कमी करणे आणि उष्णता वाहून नेणे, ही तेलाची कामे आपल्याला ठाऊक आहेत. परंतु गिअर बदलताना थोडे घर्षणही हवे असते. वेगवेगळ्या गतींनी फिरणारे भाग जोडण्यापूर्वी त्यांची गती सारखी व्हावी लागते. 'सिंक्रोमेश' प्रकारच्या गिअर बॉक्समध्ये हे काम एक कडी करते. ती बहुधा पितळेची असते. कडी गिअरच्या शंकूवर दाबली जाते आणि घर्षणाने गती जुळवते. तेल फार निसरडे असेल, तर कडी घसरत राहते आणि गिअर खरखरतो.

म्हणून डब्यावरच्या दोन खुणा वाचाव्यात. '८०डब्ल्यू-९०' ही खूण श्यानतेची, म्हणजे दाटपणाची. डब्ल्यूआधीचा आकडा तेलाचे थंडीतले वागणे दाखवतो, तर नंतरचा १०० अंश सेल्सिअसला असणारी श्यानता. इंजिन तेलाची श्रेणी वेगळी आहे : ९० नंबरचे गिअर तेल साधारणपणे ४० ते ५० नंबरच्या इंजिन तेलाइतकेच दाट असते. कडक उन्हाळा पाहून १४० नंबरचे तेल घालावेसे वाटते. पण तेल गरजेपेक्षा दाट असले, की ते घुसळण्यात शक्ती वाया जाते आणि कडीखालून ते लवकर बाजूला सरत नाही.

दुसरी खूण 'जीएल-४' किंवा 'जीएल-५'. आकडा मोठा म्हणून तेल सगळीकडे सरस, असा समज होतो. खरे तर त्यांची कामे वेगळी आहेत. अनेक मालमोटारींच्या मागच्या आसात हायपॉइड गिअर असतात. त्यांचे दाते मोठ्या दाबाखाली एकमेकांवर घसरतात आणि तेलाचा थर तुटतो. तेथे जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची संयुगे तापलेल्या पोलादाशी अभिक्रिया करून संरक्षक थर बनवतात. जीएल-४ मध्ये ती कमी असतात. पितळेत तांबे असते, आणि क्रियाशील गंधक तांब्याला काळे पाडते, पितळी कडी खराब करते. काही जीएल-५ तेलांत यावर उपाय केलेला असतो. तरीही निसरडेपणाचा प्रश्न उरतो.

तेलाची ही बाजू तपासण्यासाठी प्रयोगशाळेत तांब्याची चकचकीत पट्टी गरम तेलात ठेवतात आणि तिचा बदललेला रंग पाहतात. श्यानता मात्र वर्गातही दाखवता येईल. दोन सारख्या परीक्षानळ्यांत समान उंचीपर्यंत गोडेतेल आणि एरंडेल भरा. दोन्हींत एकाच मापाचा छर्रा सोडा आणि तळाला पोचायला लागणारा वेळ मोजा. नंतर नळ्या गरम पाण्यात ठेवून प्रयोग पुन्हा करा. तापल्यावर कोणत्या तेलाचा वेळ किती घटला, याची विद्यार्थ्यांना नोंद करू द्या.

तेलाची अंतिम निवड वाहनाच्या पुस्तिकेवरून करावी, कारण काही गिअर बॉक्सना इंजिन तेलच सांगितलेले असते. मागच्या आसात घालून उरलेले तेल गिअर बॉक्समध्ये ओतण्याआधी ती पुस्तिका एकदा उघडायला हवी.