पुडीतले ग्रॅम आणि द्रावणातले आयन

अतिसाराच्या रुग्णाला दिल्या जाणाऱ्या जलसंजीवनीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली जे सुधारित सूत्र स्वीकारले, त्यात एक लिटर पाण्यासाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असे प्रमाण आहे. आतड्यातील शोषणाचा हिशेब मात्र ग्रॅममध्ये मांडता येत नाही. तेथील पेशींवरील एक वाहक प्रथिन ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले कण, आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. म्हणून वजनावरून कणांची संख्या काढणे आवश्यक ठरते.

ही संख्या प्रचंड असल्याने ती मोल या एककात मोजतात. ६०२२ या आकड्यापुढे २० शून्ये मांडली असता जी संख्या होते, सुमारे तेवढे कण म्हणजे एक मोल. सोडियमचा अणुभार २२.९९ आणि क्लोरिनचा ३५.४५ असल्यामुळे सोडियम क्लोराइडच्या एका मोलाचे वजन ५८.४४ ग्रॅम भरते, २.६ ला ५८.४४ ने भागले की ०.०४४५ मोल, म्हणजेच ४४.५ मिलिमोल, हे उत्तर मिळते. पाण्यात विरघळताना या क्षाराच्या प्रत्येक सूत्र-एककातून सोडियमचा एक आणि क्लोराइडचा एक आयन सुटा होतो, त्यामुळे दोन्ही आयन प्रत्येकी ४४.५ मिलिमोल असतात.

सायट्रेटच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. पुडीतील सायट्रेटच्या स्फटिकांत प्रत्येक सूत्र-एककामागे पाण्याचे दोन रेणू अडकलेले असतात; हे स्फटिकजल धरून एका मोलाचे वजन २९४.१ ग्रॅम होते, न धरल्यास २५८.१ ग्रॅमच राहते आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. २.९ ग्रॅम म्हणजे सुमारे ९.९ मिलिमोल सायट्रेट. परंतु त्याच्या प्रत्येक एककातून सोडियमचे तीन आयन सुटत असल्याने सोडियम तिप्पट, म्हणजे २९.६ मिलिमोल मिळते. वजन सारखे असले तरी आयन सारखे नसतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. दोन्ही क्षारांचे मिळून सोडियम ७४ मिलिमोलांच्या आसपास जाते, जे अधिकृत तक्त्यात ७५ असे मांडतात. ग्लुकोजही, त्याचा रेणुभार १८० असल्याने, ७५ मिलिमोलच भरते. पोटॅशियम २०, क्लोराइड ६५ व सायट्रेट १० धरून लिटरमागे एकूण २४५ मिलिमोल कण होतात.

आधीच्या सूत्रात ही बेरीज ३११ होती आणि द्रावण रक्ताहून किंचित दाट पडत असे. मीठ ०.९ ग्रॅमने घटवल्यामुळे सोडियम आणि क्लोराइड प्रत्येकी १५ मिलिमोलांनी उतरले, ग्लुकोज ६.५ ग्रॅमने घटवल्यामुळे ते ३६ मिलिमोलांनी कमी झाले आणि त्या ६६ मिलिमोलांच्या फरकाने अतिसार झालेल्या मुलांना शिरेतून सलाइन देण्याची गरज घटल्याचे चाचण्यांतून दिसून आले.