उषेच्या प्रियकराचे म्हातारपण

ग्रीक पुराणांतील देवांना वर देण्याची हौस मोठी, आणि मागणाऱ्यांची घाई त्याहून मोठी. ईऑस म्हणजे त्यांची उषा. ट्रॉयच्या राजकुळातील टिथोनस नावाच्या देखण्या तरुणावर ती भाळली, त्याला घेऊन गेली, आणि याला मरण येऊ नये असे तिने झ्यूसकडे मागून घेतले. तारुण्य मागायचे तेवढे राहून गेले. टिथोनस पिकत गेला, वाळत गेला. हातपाय हलेनात तेव्हा तिने त्याला एका खोलीत निजवले आणि दारे ओढून घेतली. आत त्याची बडबड मात्र अखंड चालू राहिली.

या बडबडीची दीर्घ कविता ऍलिस ऑस्वल्ड या इंग्रज कवयित्रीने केली आहे. २०१४ साली लंडनच्या साउथबँक सेंटरमध्ये ती तिच्याच तोंडून ऐकण्याचा योग मला आला. काव्यवाचन म्हणावयाचे ते केवळ रूढी म्हणून. ऑस्वल्डबाई आपल्या कविता वाचीत नाहीत, पाठ म्हणतात. होमरची परंपरा मुखोद्गत गायनाची, आणि बाई ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकलेल्या, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही.

कवितेला ४६ मिनिटांची मर्यादा आहे. ऐन उन्हाळ्यात सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांवर येतो तेव्हा टिथोनस बोलू लागतो आणि सूर्य उगवताच थांबतो. (आपल्या इंदुरात जूनमध्येसुद्धा एवढा संधिप्रकाश पंचवीसएक मिनिटांत आटोपतो. तिकडची पहाट रेंगाळते, आणि या कवितेला ते रेंगाळणेच हवे आहे.) म्हणून आरंभी सभागृहात काळोख. सोबतीला निकलहार्पा हे स्वीडनचे वाद्य: गजाने वाजवायचे, पट्ट्यांनी स्वर दाबायचे, आणि आपल्या सारंगीसारख्या खाली तरफा. ते साथ करीत नव्हते. म्हातारा दम घेई तेव्हा त्याच्या जागी श्वास घेत होते म्हणा ना!

टेनिसनचा १८६० साली प्रसिद्ध झालेला ‘टिथोनस’ आपल्यापैकी पुष्कळांनी कॉलेजात वाचला असेल. तो भारदस्त भाषेत मरण मागतो. ऑस्वल्डबाईंच्या टिथोनसाला इतके नीटनेटके बोलता येत नाही. दव, पाने, पाखरे, उजाडू लागल्याची चाहूल, जे जाणवेल ते तो पुटपुटतो. वाक्य अर्ध्यावर सोडतो. मधेच गप्प होतो. मला हाच अधिक खरा वाटला. आपल्याकडेही कितीतरी घरांत आतल्या खोलीत आजोबा पहाटे तीनपासून स्वतःशी बोलत असतात, आणि ज्यांनी त्यांच्या दीर्घायुष्यासाठी नवस केलेले असतात तेच पांघरूण डोक्यावरून ओढून घेतात. अर्धा तास उलटल्यावर सभागृहातली चुळबुळ मला ऐकू येऊ लागली. ती कंटाळ्याची होती असे मी म्हणणार नाही. दार ओढून घेताना ईऑसला काय वाटले असेल, ते त्या चुळबुळीत होते.

ईऑस आणि उषा ही नावे एकाच धातूतून आलेली. आपल्या ऋग्वेदातील उषाही पुराणी असून नित्य तरुण. पहिल्या मंडलाच्या ब्याण्णवाव्या सूक्तात ऋषी तिचे कौतुक करता करताच सांगून टाकतो की ही देवी मर्त्यांचे आयुष्य झिजवीत येते, आणि तिला उपमा देतो ती कसलेल्या जुगाऱ्याची. पण तिथे झिजणारा कोणी एक नाही, सारेच मर्त्य आहेत. ग्रीकांनी तिला एक माणूस दिला आणि त्याच्यावर प्रेमही करावयास लावले; पहाट रम्य मानण्याची सवय जडलेल्या आपल्या भूपाळीच्या कानांना हे सोसणे जड जाते.

प्रकाश वाढत गेला तसा आवाज विरत गेला. टाळ्या उशिरा पडल्या.

ही कविता पुढे २०१६ च्या ‘फॉलिंग अवेक’ या संग्रहात आली. संग्रहाला त्या वर्षीचे कोस्टा आणि २०१७ चे ग्रिफिन पारितोषिक मिळाले. छापताना समासात ठिपक्यांची उभी रांग दिली आहे, ती वेळ मोजण्यासाठी. पुस्तक मिळाल्यास रसिकांनी ते दुपारी आरामखुर्चीत न वाचता उजाडण्यापूर्वी, घड्याळ समोर ठेवून, मोठ्याने वाचावे.